चिठ्ठीखालचे वर्तुळ

वस्तूवर तिचे नाव लिहून ठेवावे, ही सवय मला नोकरीने लावली. आयुष्यभर विज्ञान शिकवले. प्रयोगशाळेतील प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी असे. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. चिचगडच्या आमच्या घरात हळदीच्या डब्यावर ‘हळद’ असे लिहिलेले आहे. ‘अजी, हळद ओळखाले मले चिठ्ठी लागत नाही,’ असे पत्नीने एकदा सांगून पाहिले. त्यावर मी डबा भरल्याची तारीखही लिहू लागलो.

पत्नीचा कीबोर्ड जुना आहे, आणि बुद्धविहारातले महिला मंडळ त्याच्याच साथीवर गाते. त्याचा अडॅप्टर, म्हणजे घरातली वीज नऊ व्होल्टवर आणणारा तो काळा ठोकळा, पावसाळाभर चालणाऱ्या धम्मवाचनाच्या, म्हणजे वर्षावासाच्या, समारोपाला चार दिवस उरले असताना बंद पडला. सेलवर वाजवावा, तर सेल पाझरून कप्प्यातील पट्ट्या कधीच गंजल्या होत्या. विहार समितीच्या सचिवांनी तोडगा तत्परतेने काढला.

‘वहिनी, काऊन तरास घेता? मी मोबाइलवर गाणे लावून देतो. यंदापासून तसंच करू, सोपं पडते.’

‘यंदापासून’ हा शब्द पत्नीला लागला. रोजची धानाची कामे आटोपून पंधरा बायका तीन महिने ज्या गाण्यांचा सराव करीत होत्या, ती आता त्यांनी मांडी घालून ऐकायची होती. आणि एकदा ऐकायला बसवले की पुढच्या वर्षी गायला कोण उठवणार?

‘मी आहे ना,’ मी म्हणालो. उत्तरपत्रिकेत असे वाक्य आढळले असते, तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

माझ्याकडे जुन्या चार्जरांचा एक खोका आहे. प्रत्येकावर अर्थातच चिठ्ठी. त्यात नऊ व्होल्टचा, तंतोतंत बसणारी पिन असलेला अडॅप्टर मिळाला. पिनेच्या मधोमध धन आणि बाहेरच्या कड्याला ऋण, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. म्हणून पुन्हा पाहण्याची गरज मला भासली नाही. पिन खोचली, बटण दाबले. कीबोर्ड लागला नाही. जळक्या रबरासारखा किंचित वास मात्र आला.

‘काय झालं?’ पत्नीने विचारले.

‘तपासतो आहे.’

‘तपासणं आधी रायते, का मंग?’

मी पिन उपसून हुंगली. आधी जोडून मग तपासणाऱ्या विद्यार्थ्याला मी परीक्षेत शून्य देत असे.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड चादरीत गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन मी देवरीची बस पकडली. ‘गुरुजी, कोण बिमार आहे?’ कंडक्टरने विचारले. ‘मी,’ असे उत्तर ओठांवर आले होते.

देवरीला बसस्थानकाजवळ माझी एक जुनी विद्यार्थिनी दुरुस्तीचे दुकान चालवते. माझे म्हणणे तिने पूर्ण ऐकून घेतले.

‘सर, लावाच्या आधी मोजलं होतं काय?’

‘चिठ्ठीवर नऊ व्होल्ट लिहिले होते.’

‘चिठ्ठी कोणाची?’

‘माझी.’

ती हसली नाही, हा तिचा मोठेपणा. तिने कीबोर्ड पालथा केला. पिनेच्या छिद्राशेजारी माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी होती: ‘कीबोर्ड. नऊ व्होल्ट.’ ती तिने नखाने हळूच सोलली. खाली कंपनीने छापलेले छोटे वर्तुळ निघाले, मधोमध ऋण आणि बाहेर धन दाखवणारे. काही जुन्या कीबोर्डांची रचना अशी उलटी असते, हे कंपनीने स्पष्ट सांगून ठेवले होते. मी ते नीटनेटकेपणाने झाकले होते.

‘आठवीत मी न मोजता सेल जोडला, तं तुमी मले वर्गाबाहेर उभं केलं होतं, सर. आता मी तुमाले कुठं उभं करू? बाहेर ऊन आहे.’

‘वाचेल का, ते सांग.’

‘चिप गेली असन तं भेटत नाही. जुना माल आहे.’ तिने झाकण उघडले, मीटरची टोके एकेका जागी टेकवली. मी स्टुलावर बसून निकालाची वाट पाहणाऱ्यांच्या मनःस्थितीचा प्रथमच अभ्यास केला. ‘डायोड गेला. उलटी वीज त्यानं अंगावर घेतली, म्हणून बाकीचे वाचले.’

शेंगदाण्याएवढा तो भाग तिने बदलला. मग माझ्या अडॅप्टरची तार कापली, आतल्या दोन्ही तारांची अदलाबदल करून कथलाचा डाक दिला, आणि मीटर माझ्या हाती ठेवले.

‘मोजा.’

लाल टोक मध्ये, काळे बाहेर धरले. ‘उणे नऊ,’ मी म्हणालो.

‘मंग बरोबर. आता लावा.’

दुकानात सा वाजला.

रविवारी दुपारी, समारोपाला, विहारात पत्नीने मला एकच काम दिले: तारेजवळ बसायचे, तिला हात लावायचा नाही. सचिव पहिल्या गाण्यापर्यंत मोबाइल सज्ज धरून उभे होते. दुसऱ्या गाण्याला त्यांनी तो आडवा धरून मंडळाचे चित्रण सुरू केले. पाचव्या गाण्यानंतर, बायका पुढच्या वर्षी कोणते नवीन बसवायचे यावर भांडत असताना, ते माझ्याकडे आले.

‘गुरुजी, बॅटरी खतम झाली. तुमच्यापाशी चार्जर असन ना?’

‘त्यायले नका मागू जी!’ कीबोर्डमागून पत्नी ओरडली, आणि पंधराही जणी हसल्या.