सतरा नंबरची म्हैस

शेडमधल्या लोकांनी त्या डिझेल इंजिनांना म्हशी म्हणायला सुरुवात केली, तेव्हा कारखान्याच्या माणसांना राग आला होता म्हणे. त्यांनी कागदावर या वर्गाला चांगलं सात अक्षराआकड्यांचं रुबाबदार नाव दिलं होतं. पण काळा रंग, एकशे बारा टन वजन, उठायला वेळ, उठल्यावर मात्र दिवसभर मान खाली घालून मालगाडी ओढायची तयारी आणि पाण्याची भारी हौस, एवढं सगळं जुळून आल्यावर लोकांनी दुसरं काय म्हणायचं? मग शेडचाही आपोआप गोठा झाला.

मिस्त्री त्या गोठ्यात एकतीस वर्षं होता. म्हशींचा इतिहास तो विचारणाऱ्याला सांगायचा, न विचारणाऱ्याला तर आधी सांगायचा. आराखडा काढणारे साहेब थंड हवेच्या गावी बसून काढत होते, त्यामुळे रेडिएटर त्यांनी आपल्या अंगाला मानवेल एवढाच ठेवला. पहिल्याच उन्हाळ्यात अकरा इंजिनं चढावर उकळून उभी राहिली. ड्रायव्हरांनी इंजिनाची बाजूची दारं उघडून तारेने बांधली आणि वारा खात गाड्या नेल्या. दारं उघडी ठेवू नयेत असं कारखान्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते वाचून आणखी जाड तार बांधली. ड्रायव्हरची खोली मागे आणि लांबलचक नाक पुढे, त्यामुळे ड्रायव्हरला रुळाची एकच बाजू दिसायची. दुसरी बाजू त्याने सहायकाला विचारायची आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा. "संसारच तो," मिस्त्री म्हणायचा.

पहिल्या खेपेत चाळीस झाल्या, दुसरीत छत्तीस. दुसऱ्या खेपेला कारखान्याने चुका सुधारल्या: पंखे मोठे केले, आणि सिलिंडर व त्याचं डोकं यांच्या सांध्यातून जिथे पाणी जातं, तिथल्या रबरी कड्या जाड करून त्यांना खोल खाचा दिल्या. चाळीस वर्षं या म्हशींनी कोळसा वाहिला, सिमेंट वाहिलं, खनिज वाहिलं. मग मुख्य मार्गावर विजेच्या तारा आल्या. म्हशी आधी शाखा मार्गावर गेल्या, मग यार्डात डबे ढकलायला लागल्या, मग एकेक करून गॅसकटरखाली गेल्या. शहात्तरपैकी पंचाहत्तर संपल्या. उरली सतरा नंबर, तीही पहिल्या खेपेतली.

आणि एक दिवस पत्र आलं. सतरा नंबरने थंड अवस्थेतून सुरू होऊन तासभर पूर्ण ताकदीची चाचणी दिली, तर तिला शाखा मार्गासाठी पाच वर्षं ठेवायचं आणि तिच्यासाठी शेडही चालू ठेवायची. नापास झाली तर इंजिन भंगारात, शेडला कुलूप आणि बावीस माणसांची बदली चौदा तासांवरच्या मोठ्या शेडमध्ये.

एकवीस जणांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते सामानासाठी खोकी शोधायला लागले. मिस्त्रीला ते जमेना. त्याच्या बायकोला सहा वर्षांपासून दिसत नव्हतं.

यावर कुणी हळहळलं की बाईचा पारा चढायचा. नळापर्यंत, दूधवाल्याच्या खिडकीपर्यंत, शिंप्याच्या दुकानापर्यंत ती एकटी जायची. गटारावरची फरशी डगमगली की डावीकडे, लोहाराचा भाता ऐकू आला की सरळ. शिंपी तिला काजं-बटणांचं काम द्यायचा, आणि त्यात डोळस माणसं तिच्या पासंगाला पुरत नव्हती. पण हे सगळं नंतरचं. नजर गेल्यावर पहिली दोन वर्षं ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. मग एक दिवस उठली आणि गुडघे फोडून घेत घेत गल्ली शिकली. मिस्त्रीने ती दोन वर्षं पाहिली होती. ती पुन्हा पाहायची ताकद त्याच्यात नव्हती. पत्राबद्दल तो घरी चकार शब्द बोलला नाही.

चाचणीला दोन आठवडे होते आणि डावीकडच्या सातव्या सिलिंडरची कडी गेली. स्टोअरवाला म्हणाला, "या वर्गाचं सामान रद्द झालंय. पुराणवस्तू संग्रहालयात बघा." मिस्त्री निवृत्त लोकांच्या दारी गेला, भंगारवाल्याकडे दिवसभर उकिरडा उपसत बसला. शेवटी एका गंजक्या कपाटात दुसऱ्या खेपेच्या तीन कड्यांचं एकच पाकीट सापडलं. कड्या केसभर जास्त जाड होत्या. त्याने एक दाढीच्या ब्लेडने तासली, फाटली. दुसरी तासली, तीही फाटली. तिसरी साबण लावून खाचेत बसवली आणि वरून डोकं आवळलं. दुसऱ्या कुठल्या शेडमध्ये कुणी रबर तासलं असतं तर लोक हसले असते. गोठ्यात मात्र दहा वर्षं असंच चाललं होतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

कडी खाचेत पिळली गेली. इंजिन गरम असलं की ती फुगून सांधा धरायची. थंड झालं की सिलिंडरमध्ये पाणी झिरपायचं, तासाला एक ग्लास. मिस्त्रीने ते चहाच्या ग्लासाने मोजलं होतं. पुन्हा उघडावं तर चौथी कडी नव्हती. म्हणून त्याने अकरा दिवस इंजिन बंदच होऊ दिलं नाही.

सिलिंडरमधली हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत लिटरभर पाणी असताना स्टार्टर फिरवला, तर मांडीएवढा लोखंडी दांडा वाकतो, आणि कधीकधी बाजूचं दार फोडून बाहेर येतो. म्हणून गोठ्यात रीत होती: थंड म्हैस उठवण्याआधी सोळाही सिलिंडरच्या तोट्या उघडायच्या आणि पहारीने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. एखाद्या तोटीतून पाण्याची पिचकारी उडाली, की ती म्हैस नापास. तपासणीला येणारे साहेब नव्या इंजिनांवर वाढलेले. त्यांना ही रीत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

चाचणी थंड इंजिनावर, म्हणून आदल्या रात्री ते बंद करावंच लागलं. चाचणीच्या दिवशी सकाळी सहाला मिस्त्रीने गुपचूप तोटी उघडून रात्रीचं पाणी काढलं. सातला साहेबांचा सहायक आला आणि त्याने सगळ्या दारांना कागदी सील लावली. साहेब आठला येणार होते. म्हणजे दोन ग्लास. दोन ग्लास म्हैस गिळून टाकेल, असा हिशोब.

आठ वाजले, नऊ वाजले. साहेबांची गाडी वाटेत एका मालगाडीमागे अडकली होती. त्या मालगाडीच्या नव्याकोऱ्या इंजिनाच्या संगणकाने पुढे जायला नकार दिला होता. एरवी मिस्त्री यावर आठवडाभर हसला असता.

"किती झाले?" वायरमनने हळूच विचारलं. त्याचा जुना जोडीदार. कडी बसवताना साबण त्यानेच धरला होता.

"सहा."

"आत्ता बारा वाजतायत."

"ग्लास म्हणतोय मी."

वायरमनने तोंडातली सुपारी थुंकून टाकली.

साडेबाराला साहेब आले. घामाघूम, भुकेलेले, कपाळावर आठ्या. "आधीच उशीर झालाय. सील तोडा आणि चालू करा."

वायरमन बटणापाशी जाऊन उभा राहिला. सहायक पाटी घेऊन बाजूच्या फळीवर चढला आणि नेमका डाव्या सातव्याच्या दाराला टेकला. चाळिशीचा, पोट सुटलेला, पाटीवरच्या कागदाला जपणारा माणूस.

"साहेब, जरा खाली उतरता का?" मिस्त्री म्हणाला.

"का बरं? तेलाचा दाब इथूनच दिसतो ना?"

"दिसतो."

"मग झालं तर. तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघतो."

मिस्त्रीने आपलं बघितलं. कदाचित आज कमी झिरपलं असेल. कदाचित दांडा वाकेल आणि आतच राहील. त्याला कॉट दिसली, भिंत दिसली, भिंतीकडे वळलेली पाठ दिसली. वायरमन बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत होता. नुसती मान हलवायची होती. मिस्त्रीने मान हलवलीसुद्धा, अर्धी.

मग तो ओरडला, "थांब! हात काढ!"

त्याने स्वतः तोट्या उघडल्या, स्वतः पहार लावली. पाऊण फेऱ्यातच डाव्या सातव्यातून पाण्याची धार निघाली ती सहायकाच्या पाटीवर. कागद भिजला.

साहेबांनी धारेत बोट बुडवून बघितलं. "हे न बघता सुरू केलं असतं तर?"

"तर हे साहेब आत्ता कागद झटकत नसते."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"अकरा दिवस."

साहेबांनी दुसरा कागद मागवला आणि एकच शब्द लिहिला. खोकी भरणाऱ्यांपैकी एक जण जाता जाता मिस्त्रीला म्हणाला, "हरिश्चंद्र व्हायला आजचाच मुहूर्त सापडला व्हय?"

मिस्त्री घरी पोचला तेव्हा बायको शर्टाला बटणं लावत होती.

"नापास झाली ना?" ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"रोज तुमच्या अंगाला गरम तेलाचा वास असतो. आज नाही. आणि पत्राचं मला महिन्यापूर्वीच कळलंय. गल्लीत सगळ्यांना तोंडं आहेत, एक तुम्हालाच नाही."

तो कॉटच्या कडेवर बसला. "तिथे मी तुला सगळं दाखवीन. रोज हात धरून फिरवीन. हळूहळू येईल."

"आणि तुम्ही ड्युटीवर असताना?"

त्याने चादरीचा कोपरा ओढून सरळ केला.

"मी नाही येणार," ती म्हणाली. आवाज चढला नाही, सुई थांबली नाही. "शिंप्याच्या दुकानामागची खोली रिकामी आहे. बोलून ठेवलंय."

"अगं, एकटी?"

"इथे मी माणूस आहे. तिथे तुमच्या सामानातली एक वस्तू होईन. उचलली की जाईन, ठेवली की राहीन. तुमची चार वर्षं उरलीत. सुट्टीला येत जा."

"आज एका माणसाला मी मरू देणार होतो," मिस्त्री म्हणाला. "तुझ्यासाठी. मान हलवली होती मी."

तिची सुई थांबली. "हे मला सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात नका घालू हे."

बाहेर दिवेलागण झाली होती. मिस्त्रीला काहीतरी बोलायचं होतं, ती कशासाठी तरी अडेल असं काहीतरी. त्याला एवढंच सापडलं. "सुया कोण ओवून देणार तुला?"

"शिंपी देईल की."

मग त्याने दिवा लावला, तिची पेटी मांडीवर घेतली, त्यातल्या सगळ्या सुया काढून चादरीवर मांडल्या आणि एकेक ओवायला लागला. दोन झाल्या. तिसरीत दोरा काही केल्या जाईना.