वन्संचं टिंब

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, अख्खा रस्ता वेलांटीबाई म्हणतो. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर म्हणायची कोणाची टाप आहे! सासऱ्यांच्या मागे पाट्या रंगवायचं दुकान त्यांनीच चालवलं. पर्समध्ये बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी कायमची. कुठे 'फुले मीळतील' असं दिसलं, की मालकाला न विचारता वेलांटी बदलून मोकळ्या. एकदा दाढ काढायला गेल्या, तर भूल चढेपर्यंत दंतवैद्याच्या भिंतीवरचा अनुस्वार दुरुस्त करून आल्या.

अशा बाईवर एका अनुस्वारानेच सूड उगवला, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण पोटभर हसून झाल्यावर.

झालं असं, की लोकांना आता उजेडाच्या पाट्या हव्या होत्या. ब्रशची पाटी मागणारं गिऱ्हाईक शोधूनही सापडेना. माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ, जेवताना रोज तेच तुणतुणं वाजवायचा.

"ताई, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दुकान देऊन टाकू. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लाव आणि सुट एकदाची."

"पाटी रंगवणार कोण?"

"तूच. दुसरं कोण?"

"मग मला सवड झाली की रंगवते."

फळी मात्र त्याने आणून ठेवली. पांढऱ्या रंगाचा हात दिलेली, कोरी, दुकानाच्या दारामागे उभी. वन्सं तिच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

तेवढ्यात समोरच्या कंबरवाल्या डॉक्टरांना नवी पाटी हवी झाली, दिव्यांची. वन्संनी त्यांना "मी करून देते" असं सांगितलं आणि घरी येऊन "आता शिकायला हवं" म्हणाल्या. नवऱ्याने संधी साधली. "ही पाटी लागली तर दुकान तुझं. नाही लागली तर दारामागची फळी बाहेर."

वन्सं चष्मा पुसून कामाला लागल्या. दिव्यांना निरोप धाडणारं बिस्किटाएवढं कंट्रोलर बोर्ड आणलं, वाटाण्याएवढ्या एलईडींच्या माळा आणल्या आणि व्हिडिओ बघत प्रोग्रॅम लिहायला बसल्या. माळेत निरोपाची वायर एकच. पहिला दिवा आपल्यापुरता निरोप ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे सरकवतो, असं त्या मला भाजी निवडताना समजावत. माळ लांबली तसे टोकाकडचे पांढरे दिवे लालसर पडायला लागले. मग त्या टोकालाही वीज जोडली. बाजारातली ठोकळेबाज अक्षरं त्यांना पसंत नव्हती. प्लायवर ब्रशने अक्षरं काढली, रेषेवर भोकं पाडली आणि एकेका भोकात एकेक दिवा बसवला.

तोही लिहिण्याच्या क्रमाने! सासऱ्यांची शिकवण होती: आधी अक्षरं, मग डोक्यावरची रेघ, आणि टिंब सगळ्यात शेवटी, श्वास धरून. माळही तशीच फिरली. मजकूर होता, 'तुमची कंबर, आमची जबाबदारी.' त्यात टिंब एकच, म्हणून माळेतला अगदी शेवटचा दिवा म्हणजे ते टिंब. दिवे भरले चारशे वीस. आकडा चांगला नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

दुकानात चाचणी घेताना वन्संनी प्रोग्रॅममध्ये दिव्यांची संख्या ढोबळ पाचशे ठेवली होती. सगळे दिवे झकास लागले. पण पाटी बसवायच्या दुपारी त्यांच्यातली वेलांटीबाई जागी झाली. नसलेल्या दिव्यांना निरोप कशाला? मागे पेन्सिलीने नंबर घातलेलेच होते. शेवटचा नंबर बघितला आणि आकडा काटेकोर केला.

संध्याकाळी डॉक्टरांनी ऐटीत बटण दाबलं. अर्ध्या रस्त्याच्या डोळ्यांदेखत पाटी झळकली: 'तुमची कबर, आमची जबाबदारी.'

मग काठी टेकत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, माप आत्ताच घेता का?"

रस्ता हसून लोळला. माझ्या नवऱ्याने तर भिंतीचा आधार घेतला. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता माझ्याच कंबरेत चमक भरली!"

वन्संचा चेहरा मात्र पांढराफटक. शिडीवर चढून त्यांनी टिंबाचा दिवा बदलला. नवाही मुका. मी शिडी धरून खाली.

"नंबर कुठपर्यंत आहेत?" मी विचारलं.

"चारशे एकोणीस. तेवढाच आकडा घातलाय मी. मला मोजता येतं."

"पण दिवे चारशे वीस होते ना?"

"अगं, प्रोग्रॅममध्ये पहिला दिवा शून्य नंबरचा असतो. तुला नाही कळायचं."

"शून्य म्हणून काय तो दिवा नाही? पाच मुलांपैकी थोरल्याला शून्य म्हटलं तर मुलं चार होतात का?"

वर बोटांवर मोजणी झाली. मग हळूच, "मेले!"

आकडा चारशे वीस केला आणि टिंब लागलं. पण लोकांचा हिरमोड झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येणारा जो तो विचारू लागला, "कबर कुठे गेली?" शेवटी डॉक्टरच दुकानात आले. "बाई, ते टिंब अधूनमधून घालवता येईल का?"

"माझ्या पाटीवर चूक? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"ताई," नवरा म्हणाला, "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असेल तर मी फळी काढतो."

वन्सं दोन घास कमी जेवल्या आणि पुन्हा प्रोग्रॅम उघडून बसल्या.

त्या संध्याकाळी पाटी एकदम लागली नाही. अदृश्य हाताने लिहावी तशी एकेक अक्षर उमटत गेली. मग वरची रेघ सरसर ओढली गेली. 'तुमची कबर, आमची जबाबदारी.' आणि तिथे थांबली. लोक हसले, आजोबांनी काठी आपटली. सगळं हसून झालं, आणि मग अलगद टिंब आलं.

"यात चूक कुठेय?" वन्सं म्हणाल्या. "लिहून पुरं व्हायचं होतं, एवढंच."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. टिंब येईपर्यंत त्याने श्वास धरला होता. "बाबा अस्सेच थांबायचे," तो पुटपुटला. मला एकदम भरून आलं, आणि मी त्याला चिमटा काढला.

सकाळी त्याने दारामागची फळी बाहेर काढली तेव्हा वन्संचा चेहरा पडला. त्याने ती टेबलावर आडवी ठेवली, वरची धूळ बाहीने पुसली आणि ड्रिल बहिणीच्या हातात दिलं.

"न्हावी विचारत होता," तो म्हणाला. "त्याची पाटी यावर बसेल का, बघ."