साळू आणि तांब्यातलं पाणी

माझे सासरे शब्दाचे पक्के होते, असं आष्ट्यात अजून म्हणतात. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सत्तरच्या दशकात, बीएस्सी झाल्या झाल्या, मी त्या ऊसवाल्यांच्या घरात पडले. नवरा फौजेत, वर्षातून एकदा यायचा. मला कोल्हापूरला जाऊन एमएस्सी करायची होती, आणि ते मी घरात सारखं बोलून दाखवायची. माझा भाऊ रत्नागिरीच्या एसटीवर कंडक्टर होता. त्यानं एकदा कॅनमधून समुद्राचं पाणी आणि त्यात एक जिवंत सी-अर्चिन आणून दिला. लिंबाएवढा काळा गोळा, अंगभर साळिंदरासारखे काटे. घरात त्याला साळू म्हणायला लागले. मी पडवीत काचेची टाकी मांडली.

सासऱ्यांनी नाक मुरडलं. "समुद्राचं जनावर आष्ट्यात जगतंय व्हय?"

जगवून दाखवते, म्हटलं मी. तेव्हा पडवीत बसलेल्या चारचौघांसमोर ते म्हणाले, "उन्हाळा काढला त्यानं, तर जा कोल्हापूरला. मेलं, तर पुस्तकं माळ्यावर. माझा शबूद हाय."

मग मी त्या साळूची पोटच्या पोरासारखी उस्तवार केली. टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागंच राहतं, म्हणून रोज माठातलं थोडंसंच गोडं पाणी घालायचं. लाइट गेली की हवेचा पंप बंद, अशा वेळी पाण्यात हवा मिसळावी म्हणून तांब्या नाही, प्लॅस्टिकचा मग घेऊन पाणी वरून ओतत बसायचं. टाकीभोवती ओलं गोणपाट. खायला उकडलेलं पालकाचं पान. काटे ताठ ठेवून तो काचेवरचं शेवाळ खरवडत फिरायला लागला, की मला हायसं वाटायचं. घरात एकच ताकीद दिली होती: टाकीजवळ तांब्या-पितळेचं भांडं आणायचं नाही. तांबं त्याला विष.

सासऱ्यांना ते झोंबलं. "तांबं इख? मी रोज सकाळी त्यातलंच पानी पितोय. देवाला चालतंय आन् ह्या किड्याला न्हाई?"

मे संपत आला. कोल्हापूरसाठी दाखला हवा होता, म्हणून मी सांगलीला माहेरी दोन दिवस गेले. परत आले तर साळू तळाला उलटा पडलेला, काटे झडून त्याच्याभोवती पसरलेले. टाकी काठोकाठ भरलेली. शेजारी देवघरातला तांब्याचा मोठा कलश, रिकामा.

"मामंजी, मी सांगितलं होतं ना!"

"पानी कमी दिसलं. रातभर कलशात ठिवलेलं, देवाचं पानी घातलं." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "तेवढ्यानं मेलं, तर ते कवाच जगनार नव्हतं. शबूद म्हंजी शबूद."

आणि स्वतः शिडी लावून त्यांनी माझी पुस्तकं माळ्यावर चढवली. खालून लोक बघत होते. माणूस पक्का आहे, असं एकमेकांना सांगत होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं. कलश घासून पुन्हा भरून ठेवला होता, त्यातलंच दिलं. ते घटाघटा प्यायले. मी पदर खोचून समोर उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, भिनू दे. तुमच्याही अंगात भिनू दे. माणसाला ते पाणी काही करत नाही, हे मला बीएस्सीलाच शिकवलं होतं. तरी म्हणत होते.