पूजेतला पट्टा

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही मुलुंडला जमतो. एका सोसायटीचा हॉल फुकट मिळतो. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, चहा-खारी घ्यायची आणि मग एकेकानं आपलं वर्ष कसं गेलं ते सांगायचं. आम्ही म्हणजे ज्यांच्या घरातलं कुणीतरी कामावर असताना मेलं अशी माणसं. वर्षभर आम्ही कंपन्यांत, बांधकामांवर, आयटीआयच्या वर्गात जाऊन बोलतो. वर चढताना पट्टा बांधा, टाकीत उतरण्याआधी हवा तपासा, घाई करू नका. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि निघताना हातात एक रोप देतात. माझ्या गॅलरीत अशी बरीच रोपं जमली होती. पाणी घालायचं राहतं, त्यामुळे आता थोडीच उरली आहेत.

हे सगळं चालवणारे सर एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते, आता निवृत्त आहेत. माणूस सज्जन, पण त्यांचा एक आवडता शब्द आहे: सावरणं. "तुम्ही कशा सावरलात तेही सांगत जा, लोकांना बळ मिळतं," असं ते मला दर वेळी सांगतात. मी मान डोलावते. सावरायला आधी कोसळावं लागतं. मी कोसळले नव्हते. नवऱ्याला घाटकोपरच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा मी आलेल्या माणसांना चहा किती टाकायचा ते बघत होते. नंतरही तसंच चालू राहिलं. नोकरीवर जाते, भाजी आणते, हसायच्या ठिकाणी हसते. जिभेला चव असते, पण कसली ते विचारलं तर सांगता येत नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी माझी मला वाटत नाही.

नवऱ्याचं मरण मी आता इतक्या वेळा सांगितलंय की कुठल्या वाक्याला समोरची माणसं सुस्कारा टाकतात ते मला पाठ आहे. तिथे मी थांबून पाणी पिते.

तो लिफ्टचं काम करायचा. घाटकोपरला भटवाडीच्या बाजूला त्यांचा गाळा आहे. सात-आठ जणांची गँग, सगळे सिंधुदुर्गातले, वर एक म्हातारा मिस्त्री. खंडेनवमीला गाळ्यातली सगळी हत्यारं धुऊनपुसून टेबलावर मांडतात. पाने, हातोडे, साखळ्या, पुली आणि उंचावर काम करताना अंगाला बांधायचे पट्टे. हळदकुंकू, झेंडू, नारळ. मग मिस्त्री गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होय म्हाराजा म्हणतात. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी आणि माणसांनाही.

त्या वर्षी पूजा झाल्यावर जेवणं चालू होती, तेवढ्यात एका सोसायटीतून फोन आला. लिफ्ट मध्येच अडकलेली, आत एक म्हातारी बाई. माणूस अडकला म्हटल्यावर जायला हवंच. माझा नवरा उठला. स्कूटरच्या डिकीत त्याचा एक जुना पाना पडलेला होता, तो पूजेत नव्हता. तेवढ्यावर काम होईल म्हणाला. पट्टे टेबलावर होते. ते उचलायचा विचार त्याच्या मनात आला नाही, बाकी कुणाच्याही आला नाही. "पूजा न मोडता जाऊन येतो," असं तो मिस्त्रीला म्हणाला, आणि मिस्त्रीला त्याचं कौतुक वाटलं.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होती. तिच्या तळाखाली उघडा खड्डा, सरळ तळमजल्यापर्यंत. त्यानं दार उघडून म्हातारीला धरून खाली घेतलं, बाहेरच्या माणसांच्या हातात दिलं. वळताना त्याचा पाय लिफ्टच्या तळाखालच्या त्या उघड्या फटीत गेला. पट्टा असता तर लटकला असता, थोडं खरचटलं असतं. म्हातारीला काही झालं नाही. कार्याला ती आली होती. माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला पडू दिलं नाही.

बाराव्यानंतर मी त्याची पिशवी आणायला गाळ्यात गेले, तर त्याचा पट्टा खुंटीला होता आणि बकलाला झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली. ती मी नखानं काढून टाकली. रडू आलं नाही. येईल असं वाटून थोडा वेळ उभी राहिले, मग पिशवी घेऊन निघाले.

भाषणांत मी हे सगळं सांगत नाही. पूजेचं नकोच, असं सर पहिल्यापासून म्हणतात. उगाच कुणाच्या भावना दुखावतील. मी सांगते की घाईत पट्टा राहिला. त्यानं म्हातारीचा जीव वाचवला हे सांगते. तिथे सुस्कारा येतो.

आता यंदाचं. माझा धाकटा दीर दोन वर्षांपूर्वी त्याच गँगमध्ये लागला. आधी तो साकीनाक्याला एका प्रेसमध्ये होता, ती बंद पडली. मी नको म्हटलं होतं. त्याला दोन लहान मुली आहेत. तो म्हणाला, "वहिनी, दुसरं मला कोण घेतंय?" त्याचं खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला त्याच्या बायकोनं मला सहज सांगितलं की आज सगळ्यांचे पट्टे पूजेत आहेत. त्या दिवशी संध्याकाळी तो घरी पोचेपर्यंत मी एका जागी बसून होते. भीती वाटत होती का, तेही कळलं नाही. फक्त जागेवरून उठले नाही.

यंदा घट बसले आणि मी ठरवलं की असं बसून राहायचं नाही. अंधेरीच्या एसी हॉलमध्ये परक्या माणसांना अक्कल शिकवत फिरते, आणि माझ्या दिराचा पट्टा मात्र झेंडूखाली पडून राहणार. मिस्त्रीच्या घरी गेले. दीरही सोबत आला, मी भांडेन म्हणून.

मी सरळ सांगितलं की निदान एक पट्टा पूजेबाहेर ठेवा. फोन कधी येईल सांगता येत नाही. मिस्त्री वाईट वागला नाही. चहा आला, गावची चौकशी झाली. मग तो म्हणाला की एकाला पूजेत घ्यायचं आणि एकाला खुंटीला टांगून ठेवायचं, हे बरं नव्हे. वर्षभर ज्यानं आपल्याला सांभाळलं त्यालाच त्या दिवशी बाहेर बसवायचं? दीर म्हणाला, "वहिनी, कंपनीत बोल ना तू. इथे कशाला?" मला तेव्हा खरंच राग आला, पण वरवरचा, नळाला पाणी नाही म्हणून येतो तेवढाच. मी म्हटलं, मग पूजा झाल्यावर उचलू द्या. मिस्त्री म्हणाला की मांडलेलं कसं उचलणार, देवाचं झालं ते.

मी उठले. चपला घालताना मला माझे सासरे आठवले. देवाच्या राईतलं वाळलेलं झाडही ते असंच तोडत नसत. आधी जाऊन विडा ठेवायचे, हात जोडून मागून घ्यायचे, आणि मगच कुऱ्हाड लावायचे. सगळा गाव तसंच करतो, मिस्त्रीचाही. मी दारातूनच त्याला म्हटलं, "देवाचं झालं ना? मग देवाकडनं मागून घ्या. झाड मागता, पट्टा मागायला काय जातं?"

तो कपातला राहिलेला चहा प्यायला आणि "बघूया गो बाय" म्हणाला. आमच्याकडे बघूयाचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. दीर माझ्या आधीच जिना उतरून गेला.

खंडेनवमीला मी रजा टाकून गाळ्यात गेले. बोलावणं नव्हतं. पोरांनी एक स्टूल दिलं, दाराशी बसले. टेबल मांडलेलं, पट्टे एका ओळीत, प्रत्येकावर फूल. मिस्त्रीनं नारळ हातात घेऊन नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. आजारी माणसं, गावाकडची शेती, कुणाच्या मुलीचं लग्न. होय म्हाराजा, होय म्हाराजा. मला वाटलं, संपलं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "देवा म्हाराजा, आज हत्यारांची जी पूजा मांडली हा, ती मानून घे. त्यातलो एक पट्टो आम्ही तुझ्याकडे मागून घेतंव. कोणाक वर चढूचा लागला, तर तो तेच्या आंगावर रवांदे. तेच्यात अपमान मानू नको."

होय म्हाराजा, असं सगळे म्हणाले. माझा दीरही म्हणाला.

मिस्त्रीनं शेवटचा पट्टा हळदकुंकवासकट उचलला आणि खुंटीला लावला. नारळ फुटला. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मग जेवणं झाली, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. कुणाचा फोन आला नाही. दुपारी ती मंडळी पत्ते खेळत बसली. पट्टा दिवसभर खुंटीवर होता, कुणी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी दीर माझ्याबरोबरच रिक्षानं घरी आला. मुली दारात होत्या, बाप आला म्हणून धावल्या आणि त्याच्याकडे काही खाऊ नाही म्हणून परत गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी कुकर लावला आणि शिट्टीची वाट बघत ओट्याशी उभी राहिले. मिस्त्रीचं मागणं डोक्यात फिरत होतं. देवानं काही आडकाठी केली नाही. कुणाचं काही बिघडलं नाही. पूजा मोडली नाही. दोन-तीन वाक्यांचं तर काम होतं.

तर परवा मुलुंडला मी हे सांगितलं. सर खूश झाले. हे पुढच्या भाषणांत घालू या म्हणाले, पूजेचंसुद्धा, कारण आता शेवट चांगला आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोलात माझ्यासमोर माहुलचे काका बसले होते. त्यांचा मुलगा एका टाकीत साफसफाईला उतरला तो वर आला नाही. काका दर वर्षी येतात, खारी चहात बुडवतात आणि त्यांची पाळी आली की "चाललंय" एवढंच म्हणून पुढच्याकडे बोट करतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला विचारलं, "तुमच्या मालकाच्या वेळी का नाय मागितला मग?"

सर मध्ये पडले, काका, असं नका विचारू म्हणाले. मी म्हटलं, विचारू द्या. आणि सांगायला लागले की तेव्हा कुणाला सुचलं नाही, तशी पद्धत नव्हती, घाई होती. हे बोलता बोलता माझा आवाज चढला. मला तो थांबवता येईना.

"त्याला तरी सुचायला हवं होतं," मी म्हटलं. "देवाकडनं मागून घेणाऱ्या बापाला त्यानं लहानपणापासून बघितलं होतं. देवाला वाईट वाटेल एवढा विचार त्यानं केला. मला काय वाटेल, त्याचा नाही केला. मला त्याचा राग येतो."

मेलेल्या माणसावर आमच्यात कुणी रागावत नाही. ज्यांनी पट्टा दिला नाही, हवा तपासली नाही, त्यांच्यावर रागवायचं असतं. माझं तोंड कडू झालं होतं. चहात साखर कमी आहे हे मला तेव्हा कळलं. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही.

काका उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"येऊ दे तुमचा राग," ते म्हणाले. "माझा अजून यायचाय."