दक्षिणेचं दार

यवतमाळमध्ये सपाट प्लॉट परवडला असता तर दारासाठी एवढं भांडावंच लागलं नसतं. मला परवडला तो लोहाऱ्याच्या अलीकडच्या एका लेआउटमधला, उताराचा. रस्ता वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला, आणि तिथून जमीन जी घसरते ती खाली नाल्यापर्यंत. पाहायला येणारा प्रत्येक जण फुकटचा सल्ला देऊन जायचा की मुरूम टाका, सपाट करा, मग बांधा. डोंगरावरच्या गावात राहायचं आणि घराखालचा डोंगर मात्र पुसून टाकायचा, हे मला कधी कळलं नाही. मी उतार तसाच ठेवला. वर रस्त्याच्या पातळीला आईची खोली आणि स्वयंपाकघर, खाली माझी खोली, असा नकाशा करून घेतला.

हे सगळं आईच्या गुडघ्यांसाठी होतं. आमचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि त्या जिन्यापायी आई दवाखान्याखेरीज कुठंच जात नव्हती. शेजारणींशी ती गॅलरीतून बोलायची, तेही ओरडून. नव्या घरात तिला रस्त्यावरून सरळ आत येता यावं, एकही पायरी न चढता, एवढीच माझी मागणी होती. त्यासाठी दार दक्षिणेलाच हवं होतं. पूर्वेला केलं तर आधी बाजूच्या बोळात उतरा आणि मग पायऱ्या चढून वर या.

दक्षिण म्हणजे यमाची दिशा, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या निर्णयावर कोणीतरी मोठं माणूस शेवटची सही करणार, असं लोक धरूनच चालतात. ठेकेदार फरशीचा रंग मला विचारायचा आणि भिंतीची जाडी माझ्या भावाला. भाऊ माझ्याहून लहान आहे.

मी तेव्हा आर्णीला नोकरीला जात होते. एका संध्याकाळी बसमधून उतरून थेट साइटवर गेले, तर दक्षिणेला दारासाठी सोडलेली जागा विटांनी बंद! पूर्वेला माझी सागवानी चौकट उभी होती. तिला हळदकुंकू लावलेलं, वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली फोडलेला नारळ. दुपारी भाऊ-वहिनी जोडीनं पूजेला बसले होते. माझ्या घराची चौकट पुजायला जोडपं लागतं आणि मी तर एकटी, तेव्हा मला कळवायची गरज कुणाला वाटली नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काढा ती," मी ठेकेदाराला म्हटलं.

"ताई, भाऊनं सांगतलं म्हणून बसवली. आता बसलेली चौकट काढत नाही कोणी. अपशकुन होते."

मी पर्स खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि दक्षिणेच्या विटा हातानं काढायला लागले. सिमेंट अजून ओलंच होतं. ठेकेदार म्हणाला की राहू द्या, हात सोलतील, उद्या माणसं लावतो. मी मात्र पलीकडचा रस्ता दिसेपर्यंत थांबले नाही. नखं तुटली, पण इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी गेले ती भावाला फैलावर घ्यायच्याच तयारीनं. तो बिचारा खाली मान घालून बसला होता. मी तोंड उघडलं तशी आई आतून म्हणाली, "त्याले काही बोलू नको. मीच सांगतलं."

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिनंच माझ्या पाठीमागे दार फिरवलं होतं. मी कारण विचारलं, तर तिचे डोळे भरून आले.

"दक्षिणेचं दार घरच्या कर्त्याले भोवते, बाई. मी म्हातारी, माह्यं काय? पण कर्ती तू हायेस. तुले काही झालं तं?"

मला कर्ती म्हणणारं ते पहिलंच माणूस, आणि नेमकं तेव्हाच मला तिच्याशी भांडायचं होतं. मी बोललेच. "बाबा गेले ते घर पूर्वेकडे तोंडाचंच होतं, आई. यमाले तिथं दार सापडलं नाही का?"

आईनं पदरानं डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. त्यानंतर आम्ही दोघी भाजीत मीठ किती, एवढ्यापुरतंच बोलत होतो.

चौकट दक्षिणेला बसवायच्या दिवशी मी ना मुहूर्त पाहिला, ना कुणाला बोलावलं. आईला मात्र ऑटोत घालून घेऊन गेले. येते का, असं विचारलं नव्हतं, नुसती चप्पल पुढं केली होती. ती रस्त्यावर काठी टेकून उभी राहिली आणि बराच वेळ चौकटीकडे बघत होती. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. दिशेबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पुढं आली आणि खालच्या लाकडावर, उंबरठ्यावर, तिनं काठी ठोकली.

"दार तं तू तुह्याच मनानं करून राह्यली. मंग हे कायले ठेवलं? मले पाय उचलत नाही."

मी दिशेसाठी सगळ्यांशी भांडले होते, पण घराला उंबरठा नसावा हे माझ्याही मनात आलं नव्हतं. आणि हे म्हणत होती वर्षानुवर्षं रोज सकाळी उंबरठा पुजलेली बाई. ठेकेदार तर घाबरलाच. आजी, उंबरठ्याशिवाय लक्ष्मी घरात येत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"लक्ष्मीनं कुठूनबी यावं," आई म्हणाली, "तिचे गुडघे चांगले हायेत."

खालचं लाकूड आम्ही तिथंच कापून टाकलं. भुसा झाडायचीही तिनं वाट पाहिली नाही. काठी माझ्या हातात दिली, चौकटीला धरलं आणि पाय न उचलता, घासत घासत आत गेली.