आप्पाचं कडक लिव्हर

“हा कर, भो. हा.”

एवढं म्हणून तो समोरच्याच्या तोंडाजवळ नाक न्यायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल बघा, लग्नाच्या मांडवाच्या दारात उभं राहून वास घेणारा. दारूचा वास आला की त्या माणसाला पंगतीत जागा नाही, मग तो कोणी का असेना. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. वयानं तो माझ्याहून लहान, पण मीही आप्पाच म्हणायचो.

एकदा नवरदेवाचा मामा कच्चा कांदा चावून दाराशी आला. आप्पानं हुंगलं. “कांदा चांगला शे, मामा. पन जेवनना आधी कांदा कोन चावस?” मामा रुसून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. पंगत उठल्यावर आप्पा स्वतः ताट घेऊन तिथं गेला आणि मामाचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिला.

पोरं टिंगल करायची. दारुड्यांच्या बायका मात्र त्याला राखी बांधायच्या.

मग त्याचे पाय सुजायला लागले. साखरेचा आजार जुनाच होता. शहाद्याला एका दवाखान्यात लिव्हर तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा गावातून जीप भरून गेली. मीही त्याच्यासोबत होतो. माझं शिक्षण चौथीचं, पण डोळे शाबूत आहेत, जे पाहिलं ते सांगतो. त्याला उताणं निजवलं, उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावला. बरगड्यांवर थंड चिकट काहीतरी लावलं आणि दांड्यासारखं यंत्र टेकवलं. टक, टक, टक. कोणी टिचकी मारावी तसं.

मी विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. “आजोबा, ह्या टिचकीनं आत एक लाट उठते. सोनोग्राफीचा आवाज तिच्या मागावर जाऊन तिचा वेग बघतो. लिव्हर मऊ असेल तर लाट हळू चालते, कडक असेल तर पळते.”

आप्पाच्या पोटात ती पळाली.

बाई म्हणाल्या, “बरंच कडक आहे. दारू किती वर्षं घेता, काका?”

पडद्याच्या अलीकडे आमची अख्खी जीप बसलेली.

“मन्ही जीभले थेंब लागना नही कधी.”

“अहो, साखरेनं होतं, चरबीनं होतं, जुन्या काविळीनंही होतं. पण विचारावं लागतं.”

बाईंची काही चूक नव्हती. पण त्यांचं पहिलं बोलणं तेवढं जीपमध्ये बसून गावात आलं, दुसरं शहाद्यालाच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पारावर पोरं जमली. “आप्पा, हा करा ना!” त्यानं केलं हो! एकेकाच्या समोर जाऊन, तोंड उघडून. पोरं लोळून हसली. मी आप्पावरच चिडलो.

“कसाले करी ऱ्हायना रे?”

“वास उना का?”

“नही.”

“मंग बोल ना सर्वासले.”

मी बोललो. मोठ्यानं बोललो. त्यांना माझंही हसू आलं.

मुलगा सुरतेला कामाला. त्याचा फोन आला, तेव्हा मी शेजारी होतो. “आप्पा, आमले नका सांगू. पन डॉक्टरले तरी खरं सांगा.” तिकडून फोन बंद झाला तरी आप्पा तो कानालाच धरून बसला होता. त्यानंतर तो एकाही मांडवाच्या दारात उभा राहिला नाही. पारावरही येईना. मी घरी जायचो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

शेवटी नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवला. सिस्टरनं सुईआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. आप्पानं हात ओढून घेतला. “साबननी धुव, माय. हाऊ वास नको.” ती म्हणाली, आजोबा, हे पोटात जात नाही. मग तो माझ्याकडे वळला. “बापू, तू देखी ऱ्हायना ना? हाई बाहेरथून लायेल शे.”

“देखी ऱ्हायनू,” मी म्हणालो. तेव्हा कुठं त्यानं दंड पुढं केला.

आठवड्यात गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. मुलानं हात जोडून हे करीन, ते करीन, सगळं सांगून पाहिलं. तेवढ्यात आप्पाच्या चुलतभावानं गाडीतून चपटी आणली.

“इच्छा राही गयी व्हई त्यानी. एक टोपन टाका, लगेच ई कावळा.”

कोणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. आणि मुलानं बाटलीसाठी हात पुढं केला. मी उठलो आणि पिंडापुढं मांडी घालून बसलो.

“पहिले मन्हा डोकावर टाक.”

खूप वेळ बोलाचाली झाली. मी हललो नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला घरी गेली. मी तिथंच राहिलो. उठलो असतो, तर कोणीतरी मागं फिरून बाटली ओतली असती.

ऊन पार डोक्यावरून गेलं. मग एक कावळा उतरला. माझ्याकडे बघत बघत तिरका चालत आला आणि भाताला चोच लावली. मी आजूबाजूला पाहिलं. नदीवर कोणीच नव्हतं.

घरी आलो. शेवटची पंगत बसली होती. मी उभ्यानंच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कावळा शिवला, दारूबिरू काही नाही, नुसत्या भाताला शिवला.

मुलगा वाढत होता. “हा बापू, उना व्हई,” तो म्हणाला, आणि चुलत्याकडे बघून पुढच्या ताटात भात वाढला.