खाडीपलीकडची चार घरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. एकदा सांगायला म्हणून बसले होते, तर तोंडातून भलतंच निघालं, ऑफिसातल्या कटकटींचं काहीतरी. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

मी आर्किटेक्ट आहे. मूळची कोल्हापूरची. जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायची, नोंदी करायच्या, हे माझं काम. कॉन्ट्रॅक्टवर कतारला आले. ऑफिस दोह्यात, मुशैरिब भागात, पण काम तिथून दीड तासावर, उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका ओसाड गावात. मोती काढणाऱ्यांचं, मच्छीमारांचं गाव. तिथे गोडं पाणी नव्हतं. शहरात नळ आले, शाळा आल्या, तशी माणसं एकेक घर बंद करून निघून गेली. मागे राहिल्या समुद्रातल्या दगडांच्या भिंती, एक मशीद, एक खारट विहीर, आणि मासे अडवायला उथळ पाण्यात रचलेले दगडी बांध. ओहोटीला ते अजून उघडे पडतात. झाड म्हणून नाही. हे गाव दुरुस्त करून लोकांना दाखवायचं ठरलं होतं.

त्याआधी प्रत्येक घराला नंबर द्यायचा, फोटो काढायचे, मापं घ्यायची. माझ्या यादीत येईल ते राहणार होतं. बाकीची जागा रस्त्याला, पार्किंगला.

गावाच्या उत्तर टोकाला खाडीचा एक चिंचोळा फाटा आत शिरलेला आहे. त्याच्यापलीकडे चार घरं होती. आमचे शंकर मेस्त्री ती पाहून आले होते. मेस्त्री सावंतवाडीकडचे, माझ्या वडिलांपेक्षा मोठे. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारवस्तीतून कंपनीच्या बसने रोज यायचे. चुन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा तिथे कुणी नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, पलीकडे चला. कमरेएवढ्या भिंती हत. एका उंबऱ्यात शिंपले बसवलेत, बघण्यासारखे."

मी गेले नाही.

का? सांगते. भरती होती. गुडघाभर पाण्यातून जावं लागलं असतं. सप्टेंबरची दमट हवा, चष्म्यावर वाफ — आणि पायात नवे बूट होते. ते काढायचा मला कंटाळा आला. एवढंच. दुसरं काही कारण असतं तर मी ते आतापर्यंत शोधून काढलं असतं.

पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हटलं. पुढच्या आठवड्यात यादी द्यायची होती. ऑफिसात एसीत बसून उपग्रहाचा फोटो मोठा केला, करड्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि लिहून टाकलं: दगडांचे ढीग, जपण्याजोगं काही नाही. खाली तपासणीची तारीख घातली. ज्या दिवशी मी पाण्यातून गेले नाही, तीच.

महिन्याभराने तिथे भराव पडला, रोलर फिरला. पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. असं होतं कामात. पण खरं सांगायचंय ते हे नाहीच.

त्या हिवाळ्यात हज्जी आले. हजला जाऊन आलेले, म्हणून आम्ही सगळे त्यांना हज्जीच म्हणायचो. त्या गावात जन्मलेल्यांपैकी ज्यांना सगळं आठवत होतं, असे बहुधा ते एकटेच. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या होत्या. तरुणपणी मुंबईला येणं-जाणं होतं, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. पहिले दोन दिवस काय काय सांगितलं त्यांनी! मासे अडवणाऱ्या प्रत्येक बांधाला नाव होतं. कुठल्या खडकाशी कुठला वारा होडी फिरवतो, विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात पिता येतं, कुठल्या घरातली मुलगी कुठे दिली. मी भराभर नकाशावर लिहीत होते. इतका आनंद मला कामात कधीच झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, चल, माझं घर दाखवतो. आणि काठी टेकत उत्तरेला निघाले.

मी मागून चालत होते. खाडीशी ते थांबले. पलीकडे सपाट मुरूम, त्यावर पांढरे पट्टे. त्यांनी काठी उचलून तिकडे दाखवलं. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू — "बेटी, मेरा घर?"

बरोबर त्यांचा मुलगा होता, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर होते, मेस्त्रीही होते. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. यादी माझी, सही माझी.

आणि मी म्हटलं, "हज्जी, उधर कभी घर नहीं था. आपका घर ग्यारह नंबर है."

ठरवून नाही बोलले. पण शब्द अडखळलेही नाहीत. मी त्यांना अकरा नंबरच्या घराकडे घेऊन गेले, मशिदीमागच्या, आम्ही नुकताच गिलावा केलेल्या. ते दारात उभे राहिले. मान हलवली. म्हणाले, "नहीं. हमारे दरवाज़े से सूरज पानी में से निकलता था. यह दरवाज़ा तो रेत की तरफ़ है."

"दरवाजा नंतर बदलला असेल," मी हिंदीत सांगितलं. हातात नकाशा होता. जुनं बांधकाम कसं बदलत जातं, हे त्यांना समजावलं मी — माझ्या शिक्षणाच्या जोरावर. मुलगा मॅनेजरना इंग्रजीत पुटपुटला, हल्ली ते विसरतात जरा. हज्जींनी ते ऐकलं. इतकं इंग्रजी त्यांना येत होतं.

ते आत गेले. चारी भिंतींना हात लावून पाहिला. एखाद्या परक्या माणसाचा चेहरा चाचपावा तसा. मग बाहेर येऊन म्हणाले, "तो फिर मैं भूल गया."

मेस्त्री माझ्याजवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ह्या घर तेंचा न्हय. सांगा तेंका."

"तुम्ही तुमचं काम बघा," मी म्हटलं.

त्यानंतर स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट संपून गावी जाईपर्यंत मेस्त्री माझ्याशी कामापुरतंच बोलले.

हज्जी चौथ्या दिवशी आले नाहीत. मी फोन केला. त्यांनीच उचलला. म्हणाले, मला विचारू नका आता, मी चुकीचं सांगेन. पुन्हा केला, तेव्हा मुलाने उचलला. बांधांची अर्धी नावं राहून गेली. होड्यांच्या वाटा राहिल्या. पहिल्या दोन दिवसांत सांगितलेलंसुद्धा पुढे अहवालातून गाळलं. साक्षीदाराची स्मृती भरवशाची नाही, असा शेरा मारून. शेरा कुणी लिहिला? मीच.

गाव लोकांसाठी उघडलं त्या दिवशी मुलगा एकटाच आला होता. गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. म्हणाला, त्या दिवसानंतर आम्ही वडिलांना डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू केली. आता ते घरातच असतात. गाडीची किल्ली काढून घेतली, जुन्या मित्रांच्या बैठकीलाही जात नाहीत; त्यांनाच लाज वाटते. "तुमच्यामुळे वेळेवर कळलं आम्हाला. शुक्रन." छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी म्हटलं, काळजी घ्या त्यांची.

अकरा नंबरच्या दाराशी त्यांच्या घराण्याच्या नावाची पाटी आहे. लोक तिथे फोटो काढतात. मी आता दुसऱ्या कामावर आहे, बढती मिळाली. ती यादी अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

हज्जी हयात आहेत. दोह्याजवळच्या वक्रा गावात राहतात, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. पत्ता माझ्याकडे आहे. मी गेलेले नाही.